तीनशे सतराची चकती

मी चुकत नाही. म्हणजे स्वयंपाकात चुकते, रस्ते शोधताना चुकते, माणसं ओळखण्यात तर सपशेल चुकते. पण लेन्सच्या बाबतीत नाही. हे मी गिऱ्हाइकांना इतक्यांदा ऐकवलं आहे की आता तेच मला चिडवायला माझं वाक्य म्हणून दाखवतात. तर अशी मी, त्या दुपारी अडीच वाजता, दुकानाच्या मागच्या खोलीत कामाच्या टेबलाशी बसून जोरात ओरडले, "बाबा!" आणि लगेच हाताने स्वतःचं तोंड दाबलं.

पुढच्या काउंटरवरून बाबांचा आवाज आला, "काय गं? काय झालं?"

"काही नाही. शिंकले."

"मला हाक मारून शिंकलीस?"

"तशीच आली."

माझ्या चिमट्यात एक पितळेची चकती होती. लहान मुलीच्या बांगडीएवढी, कागदासारखी पातळ. तिच्यावर सुईने दोन आकडे कोरलेले होते. १७. त्यातल्या साताचं शेपूट चांगलं लांब गेलेलं.

यात ओरडण्यासारखं काय, ते सांगते. थोडा धीर धरा. खरं तर माझाच सुटत चालला होता.

टेबलावर उघडून ठेवलेली लेन्स कपाटवाल्यांची होती. कपाटवाले हे आमचं जुनं गिऱ्हाईक. जुने कॅमेरे आणि लेन्स जमवतात, काचेच्या कपाटात मांडतात, आत छोटे दिवे लावतात आणि समोर खुर्ची टाकून बघत बसतात. फोटो काढत नाहीत. एकदा मी कारण विचारलं तर दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "ताई, वापरली तर झिजेल ना!" त्यांची ही लेन्स जपानी, साठ-पासष्ट वर्षांपूर्वीची, सगळी पितळ आणि काच. समोरच्या कडीवर नंबर कोरलेला, शेवटचे आकडे तीनशे सोळा. आणि माझ्या बाबांची लेन्स तिची पाठची बहीण, तीनशे सतरा. एकाच कारखान्यातून एकीमागून एक निघालेल्या आणि अर्धी दुनिया फिरून एकाच शहरात आलेल्या. गेली अकरा वर्षं कपाटवाले त्या सतरासाठी बाबांच्या मागे लागले होते. जोडी जमवायची म्हणून.

आणि गेल्या महिन्यात बाबा 'घेऊन जा' म्हणाले होते. आज पाच वाजता कपाटवाले येणार, स्वतःची साफ केलेली लेन्स आणि बाबांची लेन्स, दोन्ही घेऊन जाणार, असं ठरलं होतं.

ज्या कॅमेऱ्यांसाठी या लेन्स बनल्या त्यांची एक गंमत आहे. त्यात तुम्ही लेन्समधून बघतच नाही. वर कोपऱ्यात एक छोटी खिडकी असते. तिच्यातून बघितलं की समोरचा माणूस दोनदा दिसतो, एकदा नीट आणि एकदा फिकट, जरा बाजूला सरकलेला. लेन्सची कडी फिरवत ते दोघे एकमेकांवर बसवायचे, की फोकस झाला. म्हणजे झाला असं समजायचं. खाली लेन्स काय दिवे लावते आहे ते रोल धुतल्याशिवाय कळत नाही.

लेन्स नेमकी जागच्या जागी बसावी म्हणून तिच्या काचांच्या नळीखाली ही चकती असते. प्रत्येक लेन्सची वेगळी, कारखान्यात तिच्याच मापाने घासून बसवलेली. जाडीत केसाएवढा फरक पडला तरी फोकस पुढेमागे सरकतो. बाबांनी आपली लेन्स पहिल्यांदा उघडली तेव्हाच तिच्या चकतीवर नंबराचे शेवटचे दोन आकडे कोरून ठेवले होते. आमच्या घरातल्या एकूण एक बॅगेच्या कुलपाला ३१७ लागतो. तो शेपटीवाला सात मी जगात कुठेही ओळखेन.

आणि सतराची चकती निघाली होती सोळाच्या पोटातून.

मी जाडी मोजायचं यंत्र काढलं. विश्वास बसेना, म्हणून तीनदा मोजलं. या लेन्सला लागते त्यापेक्षा जाड. मग उरलेली, सोळाची खरी पातळ चकती कुठे असणार? बाबांच्या लेन्समध्ये, दोन्ही शेवटच्या उघडल्या तेव्हापासून. अकरा वर्षं. पातळ चकती म्हणजे फोकस मागे सरकणार. समोरच्या माणसाच्या डोळ्यांवर कॅमेरा नेमकाच रोखला, तरी स्पष्ट काय येणार?

कान!

मी खुर्चीतून उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. नाचले म्हटलं तरी चालेल. कान, कान, कान! आमच्या आत्याच्या पन्नासाव्या वाढदिवसाचा फोटो माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला. बाबांनी एवढा वेळ लावून, सगळ्यांना गप्प बसवून काढलेला. कानातल्यांचे खडे मोजून घ्यावेत इतके लख्ख आणि चेहरा धुक्यात. आत्या सगळ्यांसमोर म्हणाली होती, "दादा, तू माझ्या कानांचाच फोटो काढलास का रे?" घर हसलं होतं. बाबाही हसले होते. त्या दिवशी त्यांनी कॅमेरा जो पिशवीत ठेवला तो ठेवलाच.

त्याआधी हा माणूस दर सुट्टीला चेहरे टिपत हिंडायचा. आमच्या जिन्याच्या भिंतीवर सगळे त्यांनी काढलेले चेहरे आहेत, आणि त्यातल्या प्रत्येकाचे डोळे तुम्ही वर चढेपर्यंत तुमच्याकडे बघतात. पन्नाशी उलटली, चष्म्याचा नंबर वाढला आणि फोटो बिघडले. बाबांनी सरळ हिशोब लावला की डोळे गेले. यंदा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले, आता सुई ओवाल. बाबांनी कुणाला न सांगता एक रोल भरला. धुतला. मी बेसिनपाशी गेले तेव्हा तो कचऱ्याच्या डब्यात होता. दुसऱ्याच दिवशी त्यांनी कपाटवाल्यांना फोन केला.

मी तेव्हा म्हटलंही होतं की लेन्स एकदा उघडून बघू. तर म्हणाले, "लेन्सला काय धाड भरलीय? धाड भरलीय ती मला."

आणि आता माझ्या चिमट्यात पुरावा होता की बाबांना काहीही झालेलं नाही! त्यांचा डोळा तेव्हाही चांगला होता, आताही आहे. मला गच्चीवर जाऊन गावाला ओरडून सांगावंसं वाटलं.

मग दुसरा प्रश्न आला. चकत्यांची अदलाबदल केली कुणी?

आमच्या दुकानात एक नियम आहे. एक ताटली, एक लेन्स. एक पुरी बंद होऊन डबीत जात नाही तोवर दुसरी टेबलावर येत नाही. मी हा नियम शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला दरडावून सांगते. गेल्याच वर्षी एकाने दोन लेन्स एकत्र उघडल्या म्हणून त्याला मी इतकं फैलावर घेतलं की तो बिचारा पुन्हा आलाच नाही. बाबांनी मात्र हा नियम मला फक्त एकदाच सांगितला होता. अकरा वर्षांपूर्वी, मी बावीस वर्षांची होते तेव्हा.

त्या दिवशी बाबा चष्म्याचा नंबर काढायला गेले होते. जाताना म्हणाले, "सोळा साफ करून ठेव. एकटी करशील ना?" एकटीने केलेलं ते माझं पहिलं काम. मला आभाळ ठेंगणं झालं होतं. सोळा उघडली, आणि वाटलं, बाबांचीही साफ करायची आहेच, दोन्ही करून ठेवू, आल्यावर थक्क होतील. जुळ्या बहिणींची आंघोळ एकदमच! दोन्ही एकाच ताटलीत. खिडकीतून चांगलं ऊन येत होतं. लेन्सचं तोंड बारीक करून तपासलं. तसं केलं की सगळंच बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं आणि चूक लपून जाते, हे मला आज कळतं. मग दोन चिठ्ठ्या लिहिल्या, एकेका डबीत एकेक ठेवली. 'तपासलं. ठीक.' खाली झोकदार सही.

ती मीच होते. मी, जी चुकत नाही.

खोटं कशाला बोलू, आधी पळवाटच सुचली. बाबा काउंटरवर आहेत, त्यांची लेन्स एकदा 'पुसायला' मागून घ्यावी, चकत्या गुपचूप बदलाव्यात, विषय संपला. पण लेन्स पाचला कपाटात जाणार होती, आणि बाबा उरलेलं आयुष्य आपले डोळे गेले असं समजून काढणार होते. तोंड उघडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मी चकती ताटलीत ठेवली आणि ताटली घेऊन पुढे गेले.

बाबा मऊ कापडाने लेन्स पुसत होते. पुसलेलीच पुन्हा पुसत होते. डबी उघडी, कॅमेरा शेजारी.

"बाबा, हे बघा."

त्यांनी भिंग लावलं. बराच वेळ बघितलं.

"हा माझा सात आहे."

"हो."

"कुठे मिळाली?"

"सोळामध्ये." आणि मग मी एका दमात सगळं सांगितलं. ताटली, जुळ्या बहिणी, ऊन, सगळं. शेवटी म्हणाले, "तुमचे डोळे ठणठणीत आहेत बाबा. अकरा वर्षं माझ्या गाढवपणामुळे तुम्ही..."

मला वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते चकतीकडेच बघत म्हणाले, "चकती चुकली असेल. म्हणून डोळे चांगले, असं कुठे ठरतं?"

"अहो, कान! कानच यायचे ना? मागे सरकलेला फोकस—"

"कान योगायोगानेही येतात." त्यांनी चष्मा काढून ठेवला. "आणि शब्द दिलाय त्यांना."

मी चिडले. चूक माझी आणि चिडतेही मीच. पण माझा स्वभावच तसा आहे. "शब्द दिलाय तर द्या! पण आधी एक रोल काढा! घाबरता कशाला?"

'घाबरता' हा शब्द तोंडातून गेला आणि दार वाजलं. कपाटवाले. पाचचं सांगून साडेतीनलाच हजर, नवा शर्ट, हातात मखमलीचं अस्तर लावलेली पेटी, तिच्यात शेजारी शेजारी दोन खळगे.

"राहवेना हो मिस्त्री," ते बाबांना म्हणाले. "सकाळपासून कपाट तीनदा पुसलं."

लपवण्यात अर्थ नव्हता. मी त्यांनाही सगळं सांगितलं. चेहरा पडत पडत गेला त्यांचा. मला वाटलं, जोडी जाणार म्हणून.

"म्हणजे," ते खुर्चीत बसत म्हणाले, "अकरा वर्षं माझ्या लेन्समध्ये दुसऱ्याची चकती आहे?"

"हो."

"माझ्या कपाटात? दिवे लावून?"

"हो. आणि कधी फोटो काढला असतात, तर नुसती नाकं आली असती."

"नाकं!" त्यांनी छातीवर हात ठेवला. "मी लोकांना सांगतो की हिचा एक स्क्रूसुद्धा बदललेला नाही! ताई, आत्ताच्या आत्ता माझी चकती मला परत करा."

मला हसू फुटलं. बाबांच्याही ओठाचा कोपरा हलला, बऱ्याच दिवसांनी. ते उठले.

"असं करू," ते कपाटवाल्यांना म्हणाले, "ही चकत्या बदलते. मी एक रोल काढतो, इथेच धुतो. डोळे आले नाहीत तर सतरा तुमची. आले तर..."

"आले तर तुमची," कपाटवाले म्हणाले. मग पेटीचं झाकण लावत, "आले तर मी मागणारच नाही."

मी मागच्या खोलीत गेले. बाबा पाठोपाठ येऊन उभे राहिले. मी दोन्ही लेन्स टेबलावर ठेवल्या, तशी त्यांनी सोळा उचलली आणि खणात ठेवून खण बंद केला. माझे कान गरम झाले. एक ताटली, एक लेन्स. सतरा उघडली. आतून बिननंबरची चकती निघाली. मोजली. केसाएवढी पातळ, मी म्हटलं होतं तशीच! मी बाबांकडे बघितलं. ते यंत्रावरच्या आकड्याकडे बघत होते आणि त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. सतराची चकती सतरात गेली. लेन्स बंद केली. मग खण उघडला, सोळा बाहेर आली, तिची चकती तिला मिळाली. चाळीस मिनिटं लागली. कपाटवाले दारातून चारदा डोकावले.

बाबांनी रोल भरला. हात सवयीने चालले, बोटांना काही विचारावं लागलं नाही. मला खिडकीजवळ स्टुलावर बसवलं. लेन्सचं तोंड पूर्ण उघडं ठेवलं, म्हणजे जराही चूक झाली तर लपायला जागा नाही. हातभर अंतरावर आले, कॅमेऱ्याच्या खिडकीला डोळा लावला, कडी फिरवली. थांबले. पुन्हा फिरवली.

"हलू नकोस."

"हलत नाहीये."

"बोलतेस म्हणजे हलतेस."

क्लिक. किती वर्षांनी ऐकला तो आवाज! मग कपाटवाल्यांना बसवलं. ते कोट चढवायला निघाले, बाबांनी दामटून बसवलं. मग पुन्हा मी. सात-आठ फोटो झाल्यावर बाबांनी बेसिनपाशी अंधाऱ्या कपाटात जाऊन रोल तोडला आणि धुवायच्या टाकीत भरला.

आता वाट बघायची. टाकी हलवायची, थांबायचं, हलवायची. कपाटवाले घड्याळ हातात धरून मिनिटं मोजत होते, जणू त्यांच्याच घरी पाळणा हलणार होता. आणि बाबा म्हणाले ते खोटं नव्हतं. चकती बरोबर बसली तरी त्या खिडकीतल्या दोन आकृती एकमेकांवर बसवायचं काम डोळ्यांचंच होतं. आता कान आले असते तर मग दोष द्यायला माझी चकतीसुद्धा उरली नसती.

राहवलं नाही म्हणून विचारलंच, "बाबा, लोकांची लेन्स तुम्ही चार-चारदा तपासता. स्वतःची अकरा वर्षांत एकदाही उघडून का नाही बघितली? कुणालाही शंका आली असती."

बाबा टाकी उलटी-सुलटी करत होते. काउंटरवरच्या डबीकडे त्यांनी मान केली. "आत चिठ्ठी होती ना."

"कसली?"

"तुझी." त्यांनी टाकी ओट्यावर आपटली, आतले बुडबुडे जावेत म्हणून. "तपासलं, ठीक, असं तू लिहून ठेवलं होतंस. मग परत काय तपासायचं?"

मी डबी उघडली. अकरा वर्षांत कागद पिवळा पडला होता, घडीवर विरला होता. म्हणजे तो बरेचदा उघडला, बरेचदा मिटला होता. माझी ती झोकदार सही. मला रडू आवरलं नाही. कपाटवाल्यांनी घाईघाईने रुमाल पुढे केला. तो लेन्स पुसायचा होता, नाकात धागे गेले.

"रडू नकोस गं," बाबा म्हणाले. "पाणी सोड. झालंय."

रोल बाहेर आला, ओला, चमकत. बाबांनी तो खिडकीच्या उजेडात धरला. निगेटिव्हवर सगळं उलटं, चेहरे काळे, केस पांढरे. त्यांनी भिंग लावलं. पहिला फोटो. मग दुसरा. मग पुन्हा पहिला. रोलच्या टोकावरून पाणी त्यांच्या बाहीत गळत होतं, त्यांना पत्ता नव्हता.

"मिस्त्री," कपाटवाले कुजबुजले, "काय आहे?"

बाबांनी भिंग त्यांच्या हातात दिलं. कपाटवाले वाकले. "अरे!" ते म्हणाले. "पापण्या! ताई, तुमची एक एक पापणी!" मग रोल पुढे सरकवून स्वतःच्या फोटोवर आले आणि आणखी वाकले. "मी असा बघतो?" त्यांनी बाबांना विचारलं.

मी भिंग त्यांच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतलं. डोळे. माझे डोळे, बुबुळांसकट, आणि त्यांच्यात खिडकी, आणि खिडकीपुढे कॅमेरा धरलेला एक माणूस. कान मागे धुक्यात विरून गेलेले. मी ओरडले, या वेळी तोंड न दाबता. कपाटवालेही ओरडले. शेजारचा घड्याळवाला काय झालं म्हणून बघायला आला.

या गोंधळात बाबा कुठे गेले ते कळलंच नाही. कपाटवाल्यांनी सोळा उचलली, मखमलीच्या पेटीत ठेवली, रिकाम्या खळग्याकडे बघितलं, पुन्हा बाहेर काढली. मग मला हळूच विचारलं, "ताई, रोल कसा भरतात हो?"

मी दाखवणार तेवढ्यात काउंटरवरून बाबांचा आवाज आला. फोनवर बोलत होते, मोठ्याने, जिन्यावरचे ते चेहरे टिपायचे त्या काळातल्यासारखे.

"दादा बोलतोय. उद्या सकाळी ये. फोटो काढायचाय तुझा." तिकडून आत्या काहीतरी बोलली. बाबांनी ऐकून घेतलं, ओल्या बाहीने डोळे पुसले आणि म्हणाले, "ये तर खरी. आणि या वेळी कानातलं काही घालू नकोस."